नत्थूजींनी खोडलेला रकाना

उमरेड
१४ जानेवारी २०२५

चि. शोभास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ घे आणि गोड बोल, हे तुला सांगून काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही रीत म्हणून लिहितो. अक्षर एवढं मोठं काढलं म्हणून मी रागावलो आहे असं समजू नकोस. याहून बारीक लिहिलं तर काय लिहिलं ते मलाच कळत नाही. एका ओळीत पाच शब्द बसतात, सहावा पानाबाहेर जाऊन ओट्यावर पडतो. किराणावाला पिंटू खोक्यांवर नावं टाकायला जो जाड काळा पेन वापरतो, तो मागून आणला आहे.

फोन कर म्हणशील. फोनवर तू वर्गात ओरडल्यासारखी ओरडतेस आणि भांडण दोन मिनिटांत संपतं. पत्रात ते लोणच्यासारखं मुरतं. शिवाय फोनवरचं नाव मला दिसत नाही. मागल्या आठवड्यात तू समजून गॅस एजन्सीच्या बाईशी मी पंधरा मिनिटं बोललो. बिचारी भली होती, तिनं गुडघे बरे आहेत म्हणून सांगितलं.

डोळ्यांचं म्हणशील तर काल महादेवरावांना ओट्यावरून हाक मारली, खाणीच्या जुन्या गोष्टी काढल्या, दोन टोमणेही मारले. उत्तर येईना तेव्हा संशय आला, कारण महादेवराव एवढा वेळ गप्प राहूच शकत नाहीत. जवळ गेलो तर दोरीवर वाळत घातलेला त्यांचा कोट.

आता खरी गोष्ट. रविवारी अंकुश बेसातून आला होता. त्याच्या कंपनीत घरच्यांसाठी दवाखान्याचा विमा असतो, त्यात माझं नाव घातलं की धंतोलीच्या डॉक्टरकडे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल, असं म्हणाला. फॉर्म पुढ्यात टाकला, इथं सही करा बाबा म्हणाला आणि शेजारच्या यमुताईंनी आणून दिलेली झुणका-भाकर खायला बसला. मी भिंग काढलं. तुला माहीत आहे, वाचल्याशिवाय मी एसटीच्या तिकिटालाही हात लावत नाही. माझ्या नावावर एक इंग्रजी शब्द छापलेला होता. एकेक अक्षर लावत गेलो. डिपेंडंट.

हा शब्द उमरेडात कोणाला नवा नाही. आपल्या गल्लीतच तीन डिपेंडंट आहेत. तरी खात्री करावी म्हणून महादेवरावांना आवाज दिला, या खेपेला कोटाला नाही. ते खाणीत बाबू होते, इंग्रजीचे अर्धवट का होईना जाणकार. ते म्हणाले, खाणीत माणूस मेला की त्याच्या जागी ज्याला नोकरी लागते तो डिपेंडंट. आता मले सांग वं शोभे, माझा पोरगा समोर बसून धडधाकट झुणका खाऊन राहिला, आणि मी त्याचा डिपेंडंट? मेलं कोण? महादेवरावांनी मग डोकं खाजवून दुसरा अर्थ सांगितला, की जो दुसऱ्याच्या भाकरीवर जगतो तो. हा पहिल्यापेक्षा जास्त लागला.

वयाच्या दहाव्या वर्षापासून मागावर बसलेला माणूस मी. मी काय केलं, पिंटूचा पेन घेतला, तो शब्द आडवा खोडला आणि वर लिहिलं, इंडिपेंडंट. शाळेच्या फाटकावर पंधरा ऑगस्टला लिहितात त्यातून हा शब्द मला येतो. शाई जरा पसरली आणि खालच्या ओळीतलं सूनबाईचं, मायाचं नाव त्यात बुडालं, त्याला इलाज नाही. अंकुशनं न बघताच फॉर्म पिशवीत घातला.

तू पस्तीस वर्षं नागपूरच्या पोरांना शिकवलंस. तर या शब्दाचा खरा अर्थ काय आणि तो कसा वापरतात, हे मला मोठ्या अक्षरात कळव.

लोभ वाढवू नकोस, अक्षर वाढव.
तुझा दादा,
नत्थू


हनुमाननगर, नागपूर
२२ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमननं दारात धरलं तेव्हा समोरच्या दुकानातल्या माणसाला ते तिथून वाचता आलं असतं. पाकिटावरचा पत्ता पाकिटाच्या मागच्या बाजूपर्यंत गेला होता. पण मिळालं.

तुझ्यासाठी निळा स्केचपेन घेऊन बसले आहे. एवढ्या मोठ्या अक्षराची सवय नाही, हात भरून येतो, म्हणून हे पत्र दोन दिवस चाललं आहे. मी बरी आहे. चहा हल्ली अर्धाच कप घेते, तेवढंच बरं. दारातली रांगोळी शेजारची मयुरा काढते. पोरींना वळण लागावं म्हणून मीच तिच्यावर सोपवली.

आधी बातमी ऐक. तुझा फॉर्म परत आला. अंकुशला ऑफिसातल्या बाईनं बोलावून विचारलं की तुमचे वडील स्वातंत्र्यसैनिक आहेत का. बिचाऱ्याला काही कळेना. मग तिनं फॉर्म दाखवला. अंकुश इथे येऊन तासभर माझ्यासमोर बडबडला, जणू मीच खोडलं. आता नवा फॉर्म बारा फेब्रुवारीच्या आत द्यायचा आहे. धंतोलीच्या डॉक्टरांनी पंचवीस फेब्रुवारी ही तारीख ठेवली आहे आणि बजावलं आहे, की उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू जास्त पिकला आहे, आणखी लांबवलं तर नंतर हातात काही राहणार नाही. गावातल्या शिबिरात हा डोळा घेणार नाहीत हे तुला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. काय दिसत होतं तुला खिडकीबाहेर?

आता शब्द. डिपेंडंट म्हणजे ज्याचं दुसऱ्याच्या आधारावर चालतं तो. मरणाबिरणाचा त्यात काही संबंध नाही. खाणीत तो शब्द माणूस गेल्यावर निघतो, कारण जिवंतपणी कोणाला आठवत नाही की आपल्या आधारावर कोण आहे. क्रियापद डिपेंड. त्याच्या मागे ऑन लागतो, जसे तुझ्या मागे महादेवराव. उदाहरणार्थ, वरण डिपेंड्स ऑन फोडणी. एसटी डिपेंड्स ऑन ड्रायव्हर. वरणाला फोडणीची लाज वाटत नाही, हे लक्षात घे.

शब्द नुसता पाठ करून येत नाही, वापरावा लागतो. तीन वाक्यं करून पाठव. आणि मी पस्तीस वर्षांत कुठल्या पोराला छापील पुस्तकात खोडाखोड करू दिली नाही, ते या वयात घरातल्याच माणसानं करावं!

राग मानू नये, मानल्यास मोठ्या अक्षरात कळवावा.
तुझी,
शोभा


उमरेड
२९ जानेवारी २०२५

चि. शोभास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

गृहपाठ केला आहे.

वाक्य पहिलं. यमुताईची बकरी इज डिपेंडंट ऑन माझं अंगण. माझी मेथी तिनं तिसऱ्यांदा खाल्ली. ही बकरी दिसते मला, कारण ती हलते. मेथी दिसत नाही, पण ती आता नाहीच.

वाक्य दुसरं. महादेवराव डिपेंड्स ऑन लोकांचा पेपर.

वाक्य तिसरं. शोभा वॉज डिपेंडंट ऑन नत्थू. हे इतिहासाचं आहे. मी चौथीत शाळा सोडली म्हणून तू मॅट्रिक झालीस, मास्तरीण झालीस आणि आज मलाच गृहपाठ देऊन राहिलीस. हे विसरू नये म्हणून लिहिलं.

अर्थ समजला. चांगला समजला, म्हणूनच सही करणार नाही. अंकुशवर माझा राग नाही. पोरगं गुणाचं आहे, फक्त घाईचं आहे. पण मी कोणाच्या आधारावर जगलो नाही. माग माझा, धोटा माझा, लुगडं माझ्या हातचं. मागच्या दिवाळीपर्यंत पंचे विणत होतो. या वयात कंपनीच्या कागदावर कोणाचं तरी ओझं म्हणून नाव चढवायचं, त्यापेक्षा कोटाशी गप्पा मारलेल्या बऱ्या. कोट टोमणे तरी मारत नाही.

डोळा गेला तर एक आहेच अजून. देवानं दोन काहून दिले मग?

शहाणपण शिकवशील तर थोडं शिकव, तुझ्या निळ्या स्केचपेनची शाई उन्हात दिसत नाही. काळा घे.
तुझा,
नत्थू


बेसा, नागपूर
१ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं आहे. अक्षराचा आकार छत्तीस ठेवला, त्यामुळे पाच पानं झाली आणि शिपायाला वाटलं मी मोर्चाचे फलक छापतो आहे. पत्र लिहायची सवय नाही. शेवटचं पत्र नववीच्या परीक्षेत लिहिलं होतं, पुस्तकं मागवण्यासाठी, दहापैकी सहा मिळाले होते. पण आत्या म्हणाली की फोनवर तुम्ही ऐकत नाही, पत्र निदान हातात धरता.

बाबा, तो शब्द मी लिहिलेला नाही. कंपनीनं छापला आहे. त्यात माझ्या नावाखाली माया डिपेंडंट आहे, जी माझ्याआधी सहाला उठते आणि जिच्याशिवाय मला मोज्यांची जोडी सापडत नाही. ती हसली आणि सही करून मोकळी झाली. म्हणाली, कागदाला काय कळतं.

मला रागाचं बोलता येतं, दुसरं येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या महिन्यात तुम्ही एसटी स्टँडवर मला घ्यायला आलात आणि माझ्या समोरून माझ्याच नावानं हाका मारत पुढे निघून गेलात. मी पाच पावलांवर उभा होतो. मी आवाज द्यायच्या ऐवजी नुसता उभाच राहिलो. मायाला हे अजून सांगितलेलं नाही.

नऊ तारखेला रविवार आहे, त्या दिवशी नवा फॉर्म घेऊन येतो. सही करा किंवा नका करू, पण पिंटूचा पेन त्याला परत देऊन टाका.

चुकलंमाकलं असेल तर आत्याकडे तपासून घ्यावं.
आपला,
अंकुश


हनुमाननगर, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गृहपाठ तपासला. पहिली दोन वाक्यं ठीक. तिसऱ्याबद्दल बोलायचं आहे, तर काळा स्केचपेन घेऊन बसले आहे.

तू माझ्यासाठी शाळा सोडलीस असं तू साठ वर्षं सांगतो आहेस. लग्नात सांगितलंस, बारशात सांगितलंस, माझ्या निरोपसमारंभात माइक हातात घेऊन सांगितलंस. मी कधी बोलले नाही. पण आईनं मला जाण्याआधी सांगितलेलं आज लिहिते. तू गुरुजींच्या टोपीत मुंगळे सोडलेस. गुरुजींनी ती टोपी घातली. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेच्या गल्लीतून जाणंही बंद केलंस आणि बाबांनी नाइलाजानं तुला मागावर बसवलं. त्याग मुंगळ्यांनी केला, दादा.

आता दुसरी बाजू. मागावर बसल्यावर माझी फी तुझ्या हातच्या लुगड्यांतून गेली, मॅट्रिकपर्यंत आणि पुढे ट्रेनिंगलाही. मुंगळ्यांमुळे का होईना. म्हणजे तिसरं वाक्य बरोबर आहे. दहापैकी आठ गुण. दोन मुंगळ्यांचे वजा.

तर बारा वर्षं मी तुझी डिपेंडंट होते. त्यानं मी लहान झाले का? मला कमीपणा वाटला असता तर भाऊबीजेला ओवाळताना निरांजनानं तुझा कान भाजला असता. मला तर मिरवावंसं वाटायचं. वर्गात मैत्रिणींना सांगायची, की माझा दादा आहे, मला काळजी नाही. आधार घेणाऱ्याची मान खाली जात नाही रे. आधार देणाऱ्यानं सारखी आठवण करून दिली तरच जाते, आणि ती तू देतोस. अंकुश देत नाही.

आणि माग माझा, धोटा माझा हे मला नको सांगूस. तुझ्या धोट्यातल्या दोऱ्याच्या कांड्या जन्मभर बायजावहिनी भरून देत होती. उभ्या दोऱ्यांचा नवा ताणा चढवायचा तर दोरे जोडायला तुला समोर दुसरं माणूस लागायचं. एकट्यानं ताणा चढवलेला विणकर मी उमरेडात पाहिला नाही. वहिनी गेल्यावर तू लुगडी सोडून पंच्यांवर आलास, ते काही डोळ्यांमुळे नाही. मग सांग, ती तुझी डिपेंडंट होती की तू तिचा? तिला हा शब्द येत नव्हता म्हणून बरं. आला असता तर तिनं तुझं नाव कुठल्या रकान्यात घातलं असतं ते मला माहीत आहे.

उत्तराची वाट बघत नाही. सहीची बघते.
तुझी,
शोभा


उमरेड
१० फेब्रुवारी २०२५

चि. शोभास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मुंगळे नव्हते, मुंग्या होत्या. बाकी खरं आहे.

तुझं पत्र वाचून मला असा चेव आला की दुपारी मागावरचं फडकं काढलं, धूळ झटकली आणि बसलो. म्हटलं, एकट्यानं विणून दाखवतो आणि पंचा तुझ्या तोंडावर पाठवतो. मागच्या वर्षीचा अर्धा ताणा तसाच चढवलेला होता. कांडी भरायला घेतली. बायजा असताना मला कांडी भरताना कोणी पाहिलं नव्हतं, का ते आता कळलं. दोरा कांडीवर कमी आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर जास्त. तरी वीतभर विणलं. हात विसरले नाहीत, पाय विसरले नाहीत. मला वाटलं जमलं.

यमुताई बकरी शोधत आल्या. उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. म्हणाल्या, नत्थूजी, काठ कोणासाठी आहे हा, पोपटासाठी का? मी काळा म्हणून हिरवा दोरा घेतला होता, शोभे. मध्येच कधीतरी लाल. आणि मधे चार ठिकाणी दोरे तुटून गेले होते, ते माझ्या बोटांनाही कळलं नाही. त्या हसत होत्या तोवर ठीक होतं. मग त्यांनी हसणं थांबवलं आणि समोरच्या बाजूला बसून तुटके दोरे जोडायला लागल्या. बायजा बसायची तिथं. तेव्हा मी उठलो आणि फडकं परत टाकलं.

काल अंकुश आणि माया आले. मी सांगितलं, सही करतो, पण एका अटीवर. तुमच्या कंपनीचा फॉर्म आहे तसा माझाही एक फॉर्म आहे. वहीच्या पानावर पिंटूच्या पेनानं रकाने आखून ठेवले होते. नाव, अंकुश. नातं, मुलगा. कशासाठी डिपेंडंट, तर तलावात पोहायला शिकताना बापाची पाठ, मायाच्या वडिलांसमोर मागणी घालताना बापाची जीभ, कारण याची टाळ्याला चिकटली होती, आणि आजही आंबट वरण कसं करायचं ते विचारायला बापाचा फोन. अंकुशनं वाचलं. आधी चेहरा आंबट केला, मग खाली मुकाट्यानं सही ठोकली. मायानं साक्षीदार म्हणून केली आणि स्वतःचंही नाव घातलं, मिरचीच्या लोणच्यासाठी.

मग मी त्यांच्या कागदावर सही केली. शब्द तसाच होता. खोडला नाही. फक्त भिंगातून एकदा त्याच्याकडे बघून घेतलं, म्हटलं तू आहेस आणि मीही आहे.

अंकुशच्या पत्रातली एसटी स्टँडची गोष्ट मी काढली नाही. त्यानंही काढली नाही. जाताना मात्र माझा हात धरून मला फाटकापर्यंत त्यानं नेलं, निरोप द्यायला मी चाललो होतो की तो, कळलं नाही.

ऑपरेशनला तू धंतोलीला येशीलच. हनुमाननगरातून रिक्षानं पंधरा मिनिटं. येताना मोठी अक्षरं आणायची गरज नाही, तोंड आण.

पेन पिंटूला परत दिलेला नाही. अजून दोन पत्रं लागतील.
तुझा,
नत्थू


हनुमाननगर, नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

छान केलंस. दहापैकी दहा.

मी दवाखान्यात येणार नाही. फिनेलच्या वासानं मला गरगरतं. माया आणि अंकुश आहेत. डोळा चोळू नकोस, वाकू नकोस, डॉक्टरला इंग्रजी शिकवू नकोस.

पत्र लहान आहे. वाईट वाटून घेऊ नये.
शोभा


उमरेड
१९ मार्च २०२५

चि. शोभास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हे अक्षर बघ. एका ओळीत बारा शब्द, निळ्या बॉलपेननं. पिंटूचा पेन परत गेला.

पट्टी निघाली त्या दिवसापासून मी बघतच सुटलो आहे. महादेवराव म्हातारे झाले आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आरशातला माणूस तर मी ओळखलाच नाही, त्याला नमस्कार केला. अंकुशच्या कानावर पांढरे केस आले आहेत. यमुताईंची बकरी मी समजत होतो तशी पांढरी नाही, करडी आहे, म्हणजे इतके दिवस मी दुसऱ्याच बकरीला शिव्या देत होतो. माझ्या त्या पंच्याचा काठही पाहिला. पोपटानं घेतला नसता.

एका डोळ्यानं एवढं दिसून राहिलं तर दुसरा झाल्यावर काय होईल याची गावाला धास्ती आहे.

काल दुपारी तुझी सगळी पत्रं डब्यातून काढून वाचायला बसलो. आतापर्यंत भिंगातून एकेक शब्द उचलून वाचलं होतं. अख्खं पान एकदम दिसलं नव्हतं. काल दिसलं.

शोभे, तुझं अक्षर. तुझ्या अक्षराची पाटी शाळेत इतर वर्गांना दाखवायला न्यायचे. जानेवारीच्या पत्रात प्रत्येक काना नदीसारखा वाहत गेला आहे. ओळी बकरीच्या वाटेसारख्या वर-खाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या पत्रात तर ‘शोभा’ लिहिताना तू तीनदा पेन टेकवला आहेस, ठिपके दिसतात. मला वाटायचं मोठं अक्षर काढताना असंच होतं, कारण माझंही तसंच होतं. दोघांची मोठी अक्षरं, आणि मी एकटाच आंधळा असं धरून चाललो.

मग बाकीचं आपोआप जुळलं, तुटके दोरे जुळतात तसं. अर्धा कप चहा, कारण भरलेला कप हिंदकळतो. रांगोळी मयुराकडे, कारण चिमटीतून रेघ सरळ पडत नाही. आणि फिनेलचा वास म्हणे. पस्तीस वर्षं शाळेच्या संडासासमोरच्या वर्गात शिकवलंस, तेव्हा नाही गरगरलं? दवाखान्यात आली असतीस तर माझी पट्टी निघताना पहिल्यांदा तुझा हातच दिसला असता. तेच नको होतं तुला.

अंकुशला विचारलं. तो म्हणाला, आत्या माझ्यासमोर हात पदराखाली ठेवून बसते, मला वाटलं थंडी आहे. मार्चमध्ये थंडी! पोरगं माझंच आहे.

मले बारा पानं भरून शहाणपण शिकवलंस, आधार घेतल्यानं मान खाली जात नाही म्हणून. मग तुझ्या घरचा कायदा वेगळा काहून? मी शब्द खोडला तो निदान उघड्यावर खोडला वं. तू पदराखाली खोडून बसलीस.

धंतोलीलाच नसांचे डॉक्टर आहेत. अंकुशनं एकतीस तारखेची सकाळची वेळ घेतली आहे. मी पाडव्याला, तीस तारखेला, सकाळच्या एसटीनं येतो आणि तुझ्याकडेच राहतो. बसची पाटी मी स्वतः वाचणार आहे. कदाचित काही नसेल, वयाची थरथर असेल. असेल ते असो. दवाखान्यात पेशंटसोबत कोण, असा रकाना असतो, मी नुकताच बघून आलो आहे. त्यात मी माझं नाव लिहिणार, बारीक अक्षरात.

एक गृहपाठ राहिला होता. माझं तिसरं वाक्य इतिहासाचं होतं, आता चालू काळाचं करून पाठवतो. शोभा कॅन डिपेंड ऑन नत्थू. तपासून ठेव. खोडशील तर याद राख, टोपीत मुंगळे सोडीन.

माझ्यावर लोभ आहेच तुझा, आता थोडा भारही टाक.
तुझा दादा,
नत्थू


हनुमाननगर, नागपूर
२४ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र साध्या पेननं लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, दिसेल तसं वाच. आठ महिने झाले. आधी सुई ओवता येईना, मग फळ्यावर लिहिता येईना, तेव्हा मी मयुराची आणि बाकीच्या मुलांची घरची शिकवणी बंद केली आणि सगळ्यांना सांगितलं की कंटाळा आला. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला हसू आलं आणि बरंही वाटलं, की चला, दादाला मोठं अक्षर लागतं, आता माझंही खपून जाईल. शिकवणाऱ्याला कोणी शिकवत नाही, म्हणून त्याला वाटतं आपल्याला येतं.

वाक्य तपासलं. चूक नाही. गुण देत नाही, कारण दहाचा आकडा काढताना शून्य बंद होत नाही.

तीस तारखेला दार उघडंच ठेवते. एसटीतून उतरल्यावर दुसऱ्या कोणाच्या बहिणीला हाक मारू नकोस. श्रीखंड मयुराची आई करते आहे. चहा मी करीन, पूर्ण कप करीन. बशीत मात्र तू ओत.

ये.
तुझी,
शोभा